सोर्पा काही मांस नव्हे

"एत आम्ही कधीच सोडलं, पोरी," बीकेन म्हातारीनं दोन्ही हात टेबलावर ठेवून सांगितलं. "तुझा कागद हातात पडला त्या दिवसापासून यांच्या तोंडाला एत लागलेलं नाही. सोर्पा देते तेवढा. सकाळी एक वाडगा, दुपारी एक, संध्याकाळी एक. नुसत्या पाण्यावर ठेवलाय मी माझा म्हातारा." शेजारच्या खुर्चीत ओर्दाबाय म्हातारा टोपी गुडघ्यावर आणि तो कागद हातात घेऊन बसला होता. सुजलेले पाय बुटांत मावत नव्हते, म्हणून घरातल्या चपला घालूनच तो गावाहून अल्माटीला आला होता. बायको आपलं कौतुक करते आहे हे कळल्यावर त्यानं मान जरा ताठ केली. मार्झानच्या हातात त्याच्या रक्ताचा रिपोर्ट होता. तीन महिन्यांत मूत्रपिंडं आणखी खालावली होती. चोरून खाणारे पेशंट तिला नवे नव्हते. बावीस वर्षं ती याच खुर्चीत बसून लोकांना काय खावं आणि काय खाऊ नये ते सांगत आली होती, आणि थापा मारणाऱ्यांना फैलावर कसं घ्यायचं हे तिला तोंडपाठ होतं. वाक्य जिभेवर तयारही होतं. ते तिथेच अडलं, कारण म्हातारी थाप मारत नव्हती. म्हातारीनं कागद अक्षर न् अक्षर पाळला होता.

तो कागद समोरच्या भिंतीवरही होता. उभी रेघ मारून केलेले दोन रकाने: डावीकडे जनावराचं, उजवीकडे जमिनीचं. उजवीकडे गाजर, कोबी, सफरचंद, मसूर. डावीकडे वरून पहिली ओळ, ठळक अक्षरांत, लाल फुलीसकट: एत. सहा वर्षांपूर्वी तो मार्झाननं स्वतः बसून तयार केला होता. रशियन मसुद्यात तीच गोष्ट दोन ओळी भरून होती, मांस, मांसाचा रस्सा, हाडं उकळलेलं पाणी, सगळं नावानिशी. पण विभागप्रमुख गालिना आंद्रेयेव्ना म्हणाल्या, एका पानावर बसवा, अक्षर मोठं ठेवा, खेड्यातल्या म्हाताऱ्यांना वाचायचंय. मार्झाननं बसवलं. दोन ओळींचं तिनं एका शब्दात आणलं आणि वर स्वतःवर खूश झाली. आपल्या भाषेत कसं सगळं थोडक्यात होतं, असंसुद्धा ती त्या दिवशी कुणाला तरी म्हणाली होती. आता ती त्या शब्दाकडे बघत होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला जात होती. एत म्हणजे मांस हे खरंच. पण घराघरांत एत म्हणजे ते जेवण, परातीत कणकेच्या रुंद पट्ट्या, वर घोड्याचं नाहीतर मेंढीचं उकडलेलं मांस, वर कांदा. आज आमच्याकडे एत आहे, या, असं म्हणतात ते त्या परातीला. सोर्पाला, ते मांस उकडलेल्या खारट पाण्याला, जन्मात कुणी एत म्हटलं नव्हतं. सोर्पा एत झाल्यावर प्यायचा. बाळंतिणीला सोर्पा, तापकऱ्याला सोर्पा, ज्याला एत पचत नाही त्याला सोर्पा. मांस बंद म्हटलं की त्याच्या जागी जे देतात तेच नेमकं सोर्पा, आणि हे न कळायला ती काय परदेशातून आली होती? चौदा वर्षांची होईपर्यंत ती स्वतः कढईवरचा फेस काढायला चुलीपाशी बसत होती. मग शहरातली शाळा, वसतिगृह, मेडिकल इन्स्टिट्यूट, सगळं रशियनमधून. सगळी विद्या एका भाषेत शिकली, भूक मात्र दुसरीच भाषा बोलत राहिली, आणि दोन्हींच्या मध्ये तिनं हा एक कागद चिकटवून दिला होता.

"सोर्पाही बंद करायचा," ती म्हणाली. आवाज नको तितका चढला. "मांसात जे वाईट ते सगळं त्या पाण्यात उतरतं. वर तुम्ही मूठभर मीठ घालता."

"सोर्पा काही मांस नव्हे," म्हातारी समजावणीच्या सुरात म्हणाली, लहान पोराला सांगावं तसं.

"मांसाचंच पाणी ना ते? एवढीही अक्कल नको का माणसाला?"

"कागदावर नाही लिहिलंस ते," ओर्दाबाय पहिल्यांदाच बोलला. त्यात तक्रार नव्हती. "लिहिलंस ते सगळं केलं. लिहिलं असतंस तर तेही केलं असतं."

मार्झाननं त्याच्या हातातला कागद ओढून घेतला, डाव्या रकान्यात पेननं सोर्पा लिहिलं, त्याखाली दोनदा रेघ मारली, कागद जरा फाटला. म्हातारीनं तो घडी करून छातीशी ठेवला आणि तिला दुवा दिला. दुवा कसला देतेस, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं. ते दोघं एकमेकांना धरून दारातून बाहेर पडले. मार्झाननं आतून कडी लावली आणि भिंतीवरचा कागद खेचून काढला. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही निघाला.

कारण तोच कागद तिनं कोकेंना, आपल्या वडिलांना, दिला होता. बाप म्हणून नाही, पेशंट म्हणून दिला होता, गावातल्या घरी जाऊन, स्वयंपाकघराच्या दारावर चार टाचण्या मारून. भाऊ साबिरझान बघत होता, भावजय झाउरेश पीठ मळता मळता बघत होती, आणि कोके चष्मा लावून मोठ्यानं वाचत होते. वाचून झाल्यावर उजव्या रकान्याकडे बोट दाखवून म्हणाले होते, "जन्मभर घोडे खाल्ले, आता घोड्यांचं खायचं म्हण की. देवानं हिशेब बरोबर केला." सगळे हसले होते. मग मार्झान दर महिन्याला शहरातून पोती पाठवत राहिली. मसूर, ओट, सोयाचे ते वाळके तुकडे, जे पाण्यात भिजवले की मांसासारखे लागतात म्हणे. कोके फोनवर सांगायचे, तुझं लाकडाचं मांस खाल्लं बरं का, दातांत अडकतं तेवढं अगदी खऱ्यासारखं. ती विचारायची, एत खाल्लं नाहीत ना? ते म्हणायचे, नाही पोरी, शप्पथ नाही. आणि रिपोर्ट महिन्यामागून महिना खाली जायचा. तिला वाटायचं, म्हातारा खोटं बोलतोय. डॉक्टर म्हणून तिला हे माहीत होतं की पेशंट खोटं बोलतात, आणि लेक म्हणून हे माहीत होतं की तिचा बाप कझीचा, आतड्यात भरलेल्या घोड्याच्या मांसाचा, वास आला की झोपेतून उठून बसायचा. दोन्ही बाजूंनी हिशेब जुळत होता. चौदा महिने तो माणूस खरं बोलला, आणि चौदा महिने ती फोन ठेवल्यावर नवऱ्याला म्हणत राहिली की कोके मला फसवतायत आणि ती झाउरेश बया त्यांना चारतेय.

एकदा न कळवता ती पोचली होती, रंगेहाथ पकडायचं म्हणून. हिवाळा होता, घरी पाहुणे होते, परात मध्ये आली होती. मेंढीचं डोकं कोकेंपुढे ठेवलेलं, कारण घरात सगळ्यांत मोठे तेच. सुरी घेऊन ते एकेकाला भाग देत होते, कान लहान्या नातवाला, टाळू नातीला, गालाचं मांस पाहुण्याला, आणि स्वतःच्या तोंडात कणभरही घालत नव्हते. पाहुणा आग्रह करायला लागला तेव्हा म्हणाले, "मुलीनं मनाई केलीय. माझी मुलगी डॉक्टर आहे." हे म्हणताना चेहऱ्यावर किती मोठेपणा होता. मग सोर्पाचे वाडगे फिरले. कोकेंनी दोन्ही हातांत वाडगा धरला, फुंकर घालून प्यायला, दुसरा मागून घेतला. मार्झान त्यांच्या उजव्या बाजूला बसली होती. तिनं ते पाहिलं होतं. पाहिलं आणि दिसलं नाही, इतकं ते रोजचं होतं. तिनं स्वतःही वाडगाभर प्यायला होता आणि झाउरेशला म्हणालीसुद्धा होती की मीठ छान पडलंय. आता बंद खोलीत ते वाक्य तिला ऐकू आलं तेव्हा ती खुर्चीतून उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. स्वतःच्या थोबाडीत मारून घेता येत नाही, येतं पण त्यात दम नसतो.

आणि एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ ठीक. कोके गेले त्याच्या चाळिसाव्याला तेच स्वयंपाकघर बायकांनी भरलेलं होतं. झाउरेश कढईपाशी डाव घेऊन उभी होती. मार्झानच्या डोक्यात चाळीस दिवस जे साठलं होतं ते तिनं एका वाक्यात बाहेर टाकलं: "माझ्या बापाला तू मांस चारून मारलंस."  झाउरेशनं हात पुसले, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा डाव फिरवायला लागली. आपल्याकडे सून नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला उलट बोलत नाही, तिचं नावसुद्धा तोंडातून काढत नाही. लग्न होऊन आली त्या दिवसापासून झाउरेश मार्झानला एर्केम म्हणायची, माझी लाडकी. मार्झाननं त्या गप्प बसण्याला कबुली समजलं. खिडकीखाली झाउरेशची आई रिस्कुल गाजरं सोलत बसली होती. तिनं सुरी खाली ठेवली, फडक्यात हात पुसले आणि कुणाशी एक शब्द न बोलता निघून गेली. दोन गल्ल्या पलीकडे तिचं घर. त्यानंतर ती लेकीच्या घरी आलीच नाही. मध्ये साबिरझाननं फोनवर चाचरत सांगितलं होतं, "आप्के, तिची आई आमचा उंबरा ओलांडत नाही. झाउरेश सणाला ताट घेऊन गेली तर दारातूनच परत पाठवलं. तू एकदा बोलून बघ ना." मार्झान म्हणाली होती, "लाज वाटत असेल. वाटायलाच पाहिजे." हे शब्द तिचे होते, तिच्याच तोंडचे.

उद्या कोकेंचं वर्ष. त्याच बायका येणार, तीच कढई चढणार. तिला एवढंच करायचं होतं की जे ज्यांच्यासमोर बोलली ते त्यांच्यासमोर परत घ्यायचं, परात वाढली जायच्या आधी. दुसरं काही तिच्या हातात उरलं नव्हतं. बाप परत येणार नव्हता, पण त्या बाईच्या कपाळावर जे लावलं होतं ते पुसता येईल असं तिला वाटत होतं.

पहाटेच गाडी काढली. शहराबाहेर पडताना एका मोठ्या फलकावर कुणी गोरा पोरगा मटाराचा सॉसेज दातांत धरून हसत होता, खाली लिहिलं होतं की निसर्गाकडे वळा. तिला त्याचा इतका राग आला की तिनं गाडी दुसऱ्या पट्ट्यात घातली आणि मागच्यानं हॉर्न वाजवला. निसर्गाकडे म्हणे. गेल्याच आठवड्यात ती एका सभागृहात असल्याच पोरापोरींसमोर बोलून आली होती, वनस्पतीचं प्रथिन आणि जनावराचं प्रथिन, कशानं मूत्रपिंडावर किती ओझं येतं, पडद्यावर तेच दोन रकाने, आणि टाळ्या. डाळीतला फॉस्फरस शरीर कमी उचलतं, मांसातला जास्त. हे खरं होतं. बटाट्यात, जर्दाळूत, तिनं पोत्यानं पाठवलेल्या मसुरात पोटॅशियम असतं, ते खंगलेल्या मूत्रपिंडाला नको असतं; हेही खरं होतं, आणि ते त्या सभागृहात तिनं सांगितलं नाही, कारण रकाना बिघडला असता. सोर्पानं कोकेंचे किती दिवस नेले? वर्ष, महिना, की एकही नाही? मूत्रपिंडं जाणारच होती, कदाचित त्याच गतीनं गेली असती. कुणीही सांगू शकणार नव्हतं, आणि याचाच तिला सगळ्यांत संताप होता. गुन्हा केला असता तर निदान केला असं म्हणता आलं असतं. इथे फक्त एक शब्द होता, बरोबर लिहिलेला, शुद्धलेखनाची एक चूक नसलेला. डोंगर चढून पठारावर गाडी आली तेव्हा बाजूला बर्फ वितळून गवताची पोपटी साय आली होती आणि घोडे त्यात तोंड घालून चरत होते. त्यांच्याकडेही तिनं रागानंच पाहिलं.

अंगणात तीन कढया मांडल्या होत्या. साबिरझान आणि शेजारचे पुरुष घोड्याचं मांस कापत होते. झाउरेश मधल्या कढईवर वाकून फेस काढत होती. वर्षभरात ती वाळली होती, मनगटाची हाडं वर आली होती. मार्झाननं तिला कोठीच्या भिंतीआड नेलं आणि एका दमात सांगून टाकलं, बीकेन म्हातारी, कागद, रशियनमधल्या दोन ओळी, सगळं. शेवटी म्हणाली, "चूक माझी होती. तू काही केलं नव्हतंस."

झाउरेश डावाच्या दांड्यावरची चरबी अंगठ्यानं पुसत राहिली. "माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"हेच. तालुक्याच्या दवाखान्यात शेवटी नेलं होतं ना कोकेंना, तिथल्या डॉक्टरनं विचारलं, सोर्पा पिता का. आम्ही म्हटलं, हो, तेवढाच पितात. तो डोक्याला हात लावून बसला.  घरी आल्यावर मला बोलावलं. म्हणाले, पोरीला हे कळू द्यायचं नाही. तिनं आपल्या हातानं लिहिलंय ते, ती यातून उठायची नाही. म्हणावं, म्हातारा ऐकत नव्हता, चोरून खायचा."

"आणि तू कबूल केलंस?"

"मरणाऱ्या माणसाला काय नाही म्हणू? त्यांना वाटलं, तुम्ही त्यांच्यावरच चिडाल. आणि त्याला त्यांची तयारी होती." झाउरेश थांबली. "तुम्ही माझ्यावर चिडाल हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नव्हतं."

मार्झानला वाटलं होतं की इथे आपल्याला रडू येईल. आला तो राग, आणि तो सरळ कबरीतल्या माणसावर. कुणी सांगितलं होतं मला वाचवायला? मी काय लहान होते? माझी चूक माझ्यापासून लपवायची, ती दुसऱ्याच्या घरातून आणलेल्या पोरीच्या डोक्यावर ठेवायची, आणि वर मोठेपणा घेऊन मरून जायचं. ही कसली माया? तिला कोके समोर हवे होते, भांडायला. "मला फोन करायचा होतास," ती झाउरेशला म्हणाली, आणि म्हणतानाच तिला कळलं की आपण पुन्हा तिच्याच अंगावर जातोय.

"त्या दिवशी तुम्ही बोललात तेव्हा तोंडापर्यंत आलं होतं," झाउरेश म्हणाली. "मग वाटलं, शब्द दिलाय. आणि एर्केम, हे तुमच्यासाठी नव्हतं हो. तुमच्यासाठी मी एक दिवसही गप्प बसले नसते." तिनं हे अगदी साध्या आवाजात सांगितलं आणि कढईकडे परत गेली.

बायका आतल्या खोलीत सतरंजीवर बसून कांदे कापत होत्या, कुणी पीठ लाटत होतं, बारा-पंधरा जणी तरी. मधोमध बातिमा आजे, गल्लीतली सगळ्यांत जुनी. मार्झान दारातच उभी राहिली. बसून बोलायचं नाही असं तिनं गाडीत ठरवलं होतं. "मागच्या वर्षी मी इथे एक बोलले होते," ती म्हणाली, "ते खोटं होतं. झाउरेशनं कोकेंना मांस दिलं नाही. कोकेंनी मांस खाल्लं नाही. मी कागदावर सोर्पा लिहायला विसरले, म्हणून ते सोर्पा पीत राहिले. चूक माझी होती. मी डॉक्टर असून चुकले." आवाज कापला नाही याचं तिला बरं वाटलं.

 मग बातिमा आजेनं ओढणीनं डोळे टिपले. "बघा गं," ती इतरांना म्हणाली, "शेवटी रक्त बोलतं. भावाचं घर फुटू नये म्हणून सगळं स्वतःवर घेतलं पोरीनं."

"आजे, मी स्वतःवर घेत नाहीये. खरं सांगतेय."

"हो हो, खरंच. बापाच्या वर्षाला असंच बोलावं माणसानं. तुझ्या बापाचं मन आलंय तुझ्यात." शेजारची म्हणाली, "नाहीतर आमच्या नणंदा बघा, मेल्यावरसुद्धा सोडत नाहीत." आणखी एक, पीठ लागलेल्या हातांनी: "पण सोर्पानं कुणी मरतं का बाई? सोर्पानं तर मेलेला उठतो. माझी सासू शेवटचे दोन महिने फक्त सोर्पावर होती."

"मरतं," मार्झान म्हणाली. "मूत्रपिंडं गेलेलं माणूस मरतं. मी शिकलेय ते. बावीस वर्षं तेच करतेय." आता ती ओरडत होती. क्षार, फॉस्फरस, रक्त, असं काय काय बोलत होती, अर्धं रशियनमधून, कारण त्या शब्दांना दुसरी भाषा तिच्याकडे नव्हती. आणि जितकी ती ओरडत होती तितक्या बायका मान हलवत होत्या, मायेनं, समजुतीनं. बिचारी किती मन लावून खोटं बोलतेय, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. कुणीतरी उठून तिला हाताला धरून खाली बसवलं. त्यांच्यापैकी एकीच्याही डोक्यात शिरलं नव्हतं, आणि शिरणारही नव्हतं. मागच्या वर्षीचं खोटं मात्र एका वाक्यात शिरलं होतं, कारण ते त्यांना समजणारं होतं: सून, सासरा, मांस.

दारात झाउरेश उभी होती, केव्हापासून कोण जाणे. मार्झान उठून तिच्यापाशी गेली. "ऐकलंस? मी सांगितलं."

"ऐकलं. आता म्हणतील, घरच्या लेकीकडून खोटं वदवून घेतलं हिनं." झाउरेशनं तिच्या खांद्यावरून आत एक नजर टाकली. "तुमचं मन मोकळं झालं असेल. माझं ओझं दोन चमचे वाढलं." आणि तिनं मिठाचा डबा उचलला आणि निघून गेली.

मार्झान फाटकातून बाहेर पडली. कुणीतरी हाक मारली, मुल्ला येतील इतक्यात, कुठे निघालीस, पण ती थांबली नाही. दोन गल्ल्या. रिस्कुल आपल्या अंगणात लाकडी खोक्यावर बसून बियाण्याचे बटाटे निवडत होती, कोंब आलेले एका टोपलीत, कुजलेले बाजूला. तिनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा बटाट्यांत हात घातला. मार्झाननं तिसऱ्यांदा तेच सांगितलं, या वेळी उभ्या उभ्या, शहरी शब्द सगळे गाळून. एत लिहिलं, सोर्पा लिहिलं नाही. तुमच्या मुलीनं काहीच केलं नाही. मी चुकले आणि तिच्यावर ढकललं. बातिमा आजे आणि बाकीच्यांना सांगितलं, त्या मानत नाहीत. तुम्ही तरी माना.

रिस्कुलचे हात थांबले.  "मानते," ती म्हणाली.

मार्झाननं श्वास सोडला.

"मानते. त्या दिवशीही मानलंच होतं. तू म्हणालीस ते लगेच मानलं." म्हातारीनं हातातला बटाटा दूर फेकला, कोंबड्यांच्या अंगावर, त्या कलकलाट करत पळाल्या. "मी शाळेत गेले नाही. तू शिकलेली, शहरातली, पांढऱ्या डगल्यातली. मला वाटलं, हिला माहीत असणार. पोटच्या पोरीला मी विचारलं नाही, बाई, तू दिलंस का म्हणून. एकदासुद्धा नाही. ती सणाचं ताट घेऊन आली तर मी दार लावून घेतलं. ती दाराबाहेर उभी होती, मला श्वास ऐकू येत होता तिचा. आणि तू आज येतेस आणि म्हणतेस, चुकले. कुणाचं चुकलं? तुझं एक अक्षर राहिलं. माझं काय राहिलं ते लिहायला आहे का तुझ्याकडे शब्द?"

 मार्झान माफी मागणार होती, तेवढ्यात म्हातारीनं हात वर करून तिला गप्प केलं. "ते ठेव तुझ्यापाशी. मला माफी देता येत नाही, मलाच मागायचीय." ती खोक्याला धरून उठली, गुडघे सरळ व्हायला वेळ लागला. आत जाऊन पांढरा रुमाल डोक्याला बांधून आली. फाटकापाशी येऊन म्हणाली, "माझ्या बरोबरीनं चालू नकोस. मागून ये."

मार्झान मागून चालली, दहा पावलं सोडून. रिस्कुल मध्येच भिंतीला हात लावून थांबायची, मग तीही थांबायची. साबिरझानच्या अंगणात माणसं जमली होती, आतून कुराण वाचायला सुरुवात झाली होती. म्हातारी फाटक ढकलून आत गेली आणि सरळ मधल्या कढईपाशी जाऊन उभी राहिली. झाउरेशनं आईकडे पाहिलं.  मग म्हातारीनं लेकीच्या हातातला डाव काढून घेतला, तिला बाजूच्या बाकावर बसायची खूण केली, आणि स्वतः फेस काढायला लागली. झाउरेश बसली, आणि बसल्यावर तिनं ओढणी तोंडावर घेतली. दारात येऊन उभ्या राहिलेल्या बायका ते बघत होत्या.

मार्झान फाटकाबाहेर होती. घर तिच्या बापाचं होतं, आत जायला तिला कुणाची परवानगी लागत नव्हती. तरी कुणी आत ये म्हणेपर्यंत ती जाणार नव्हती. आत कुराण वाचून झालं, पराती निघाल्या, पाहुणे बसले. तिला कुणी आत ये म्हटलं नाही.